पॅड नवे, तरी ब्रेकचा दिवा का जात नाही?

जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज (एफ३०) घेतली की ही तक्रार हमखास येते. पॅड नवेकोरे, तरी इशारा कायम. बहुतेक वेळा याचं मूळ पॅडची झीज ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये असतं.

या गाडीत सेन्सर दोनच: पुढे डावीकडे, मागे उजवीकडे. पॅड झिजला की सेन्सरचं टोक डिस्कवर घासतं आणि आतली तार तुटते. तो सेन्सर पुन्हा वापरता येत नाही. पॅडसोबत नवाच घाला, पैसे वाचवू नका. टोकावर घासल्याची चकाकी दिसली तर तो संपलाच. सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर (तार अखंड आहे का ते तपासणारं यंत्र) लावा. चांगल्या सेन्सरमध्ये बीप वाजतो. जुन्या गाडीत सेन्सरची वायर कापून टोकं एकमेकांना जोडलेली आहेत का, हेही बघा. तसं असेल तर पॅड संपले तरी इशारा येणार नाही, हे फार धोक्याचं.

नवा सेन्सर बसवल्यावर ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दाबा, म्हणजे इंजिन न लागता इग्निशन चालू होईल. मग ट्रिपचं बटण साधारण दहा सेकंद दाबून ब्रेकचं चिन्ह निवडा आणि रीसेट करा. सर्किट तुटलेलं असेल तर रीसेट होतच नाही.

ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशारा वेगळा. पॅड झिजले की ब्रेकचे पिस्टन बाहेर येतात, टाकीतली पातळी उतरते. आधी पॅड तपासा. नुसतं ऑइल भरलंत तर नंतर नवे पॅड घालायला पिस्टन मागे ढकलताना ते उतू जाऊन गाडीचा रंग खराब करतं.