खालचा दिवा लाल

दापोडीत आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. सव्वासातला पुणे स्टेशनातून सुटलेली डेक्कन क्वीन साडेसातच्या सुमाराला आमच्या मागून धडधडत जायची आणि मी तोंडात ब्रश धरून गच्चीवर पळायचो. एकदा इंजिनातल्या माणसाने हात केला. झालं, माझं ठरलं. शाळेत ‘मोठेपणी कोण होणार’ विचारलं की मी ‘ड्रायव्हर’ म्हणायचो. वर्ग हसायचा. ‘डेक्कन क्वीनचा’ म्हटलं की जरा कमी हसायचा.

मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तो त्यासाठीच. २०१८ च्या असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनाच्या सहायक ड्रायव्हरच्या, भरतीत संगणकावरच्या दोन परीक्षा निघाल्या, अ‍ॅप्टिट्यूड टेस्टही निघाली. आईने देवापुढे पेढे ठेवले. उरली फक्त मेडिकल, ए-१ श्रेणीची. चष्म्याशिवाय ६/६ नजर आणि रंगांची पक्की ओळख लागते. नजर माझी घारीसारखी, म्हणून मी निर्धास्त.

डॉक्टरांनी समोर एक पुस्तक धरलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, त्यातला आकडा वाचायचा. पहिल्या पानावर १२. दुसऱ्यावर मी ‘३’ म्हणालो. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. तिथे ८ होता. तिसऱ्यावर मला ५ दिसला, होता ६. पुढच्या काही पानांवर तर नुसते ठिपकेच. मग अंधाऱ्या खोलीत कंदिलाची परीक्षा, लहानसा प्रकाशठिपका बघून रंग सांगायचा. तिथे मी चक्क अंदाज मारत होतो.

हुज्जत घातली, अर्थातच. म्हटलं, सिग्नलमध्ये लाल दिवा सगळ्यात खाली असतो, दोन पिवळे तर दोन असतात म्हणूनच कळतात, मी जागेवरून ओळखीन. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “रात्री पावसात लांबून एकच ठिपका दिसतो. तो वरचा की खालचा, कसं सांगशील?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

घरी आल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “तुझे आजोबा मंडईतून कच्चे टोमॅटो आणायचे.” आजी त्यांना आयुष्यभर वेंधळे म्हणत राहिली. लाल-हिरव्यातला हा घोटाळा, म्हणजे रंगांधळेपणा, बहुतेकदा एक्स गुणसूत्रावरून येतो: आजोबांकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे. आईला दुसऱ्या एक्सने सांभाळून घेतलं, मला दुसरा एक्सच नाही. आई दोन दिवस अपराध्यासारखी वावरत होती. त्याचं मला मेडिकलपेक्षा जास्त वाईट वाटलं.

नंतर चाकणला मेंटेनन्समध्ये लागलो. तीनेक वर्षं मुंबईला जायचं तर एसटीने गेलो. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा बोगदा दिसला की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. बालिशपणाच, पण होता.

त्यातून बाहेर काढलं शेजारच्या काकांनी. ते रेल्वेत लोको पायलट होते, आता निवृत्त. समजूत वगैरे काढली नाही, नुसतं सांगत बसले. आधी असिस्टंट, मग मालगाड्या, मग पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस कुठल्या कुठे. रात्री दोनला ड्युटीचा कॉल, रनिंग रूममधली (ड्रायव्हरांच्या विश्रांतिगृहातली) झोप, मुलांचे वाढदिवस फोनवर. कर्जत-लोणावळा चढाला ३७ फुटांमागे १ फूट चढ आणि गाडी ढकलायला मागून लावलेली बँकर इंजिनं. मी तासभर ऐकलं आणि मनात म्हटलं, यातलं किती मला खरंच हवं होतं? साडेसातची दोन मिनिटं हवी होती. बाकीच्या नोकरीची मी कधी चौकशीच केली नव्हती. हे कळल्यावर हलकं वाटलं, थोडा रागही आला स्वतःचा.

परवा साडेचार वर्षांच्या लेकीला कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियमला नेलं. छोट्या गावातून छोट्या गाड्या धावत होत्या. ती काचेला नाक लावून मला सिग्नल सांगत होती, “बाबा, हिरवा पडला!” मी म्हटलं, “हो का? मग जाऊ दे गाडी.”

माझा एक्स तिच्याकडे गेलेला आहेच, त्यात तिला निवड नव्हती. मोठी झाली की सांगीन. सध्या भाजी घ्यायला आम्ही दोघं जातो आणि टोमॅटो ती निवडते.