८ मिनिटांवरून थेट २०: पाचव्या आठवड्यातून मी कशी बाहेर पडले

‘काउच टू फाइव्ह के’ (म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटरपर्यंत) हा नवख्यांसाठीचा पळण्याचा कार्यक्रम जॉश क्लार्कने १९९६ मध्ये तयार केला. ९ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. पहिल्या चार आठवड्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते जमतात. खरा प्रश्न पाचव्या आठवड्याचा आहे.

त्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी ५-५ मिनिटं तीनदा पळायचं, मध्ये ३-३ मिनिटं चालायचं. दुसऱ्या दिवशी ८ मिनिटं पळणं, ५ मिनिटं चालणं, परत ८ मिनिटं पळणं. आणि तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटं. मध्ये चालणं नाहीच. माझ्या ओळखीतल्या दोघी याच दिवशी थांबल्या, त्या परत आल्याच नाहीत. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, त्यामुळे तळजाईची टेकडी जवळची. तिथे १२-१३ मिनिटांच्या आसपास माझा दम संपायचा. पाय थकलेले नसायचे, श्वासच पुरायचा नाही. दर वेळी तीच गत. मी वापरत होते त्या ॲपमधली बाई तेवढ्यात ‘छान चाललंय, आता अर्धं अंतर झालं’ म्हणायची आणि पडद्यावर किलोमीटर दाखवायची. त्या किलोमीटरचा मला अजून राग येतो. मूळ तक्त्यात या दिवसासाठी दोन पर्याय दिलेत: २० मिनिटं किंवा २ मैल, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटर. आता हिशेब करा. २० मिनिटांत ३.२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटं. चाळिशी ओलांडलेली, शाळा सुटल्यापासून कधी न पळालेली बाई त्या वेगाने कशी पळेल? पण पडद्यावर आकडा दिसला की पाय आपोआप त्याच्या मागे लागतात, आणि तो सोडून द्या असं ॲप एकदाही सांगत नाही.

आमच्या इमारतीतला एक मुलगा हाफ मॅरेथॉन पळतो. तो म्हणाला, “काकू, किलोमीटर बघूच नका. पळताना सतराचा पाढा म्हणा. मोठ्याने, न अडखळता. नाही जमला तर वेग जास्त आहे, लगेच कमी करा.”

एवढंच. पण सगळं यातच होतं. ८ मिनिटं पळताना दम वर गेला तरी पुढे ५ मिनिटं चालणं असतं, ते सावरून घेतं. २० मिनिटांत सावरणारं कोणी नाही, म्हणून तो वेग इथे चालत नाही. शिवाय पळायला लागल्यावर श्वास आणि हृदयाचे ठोके जुळून यायला पहिली काही मिनिटं लागतातच. तिसऱ्या मिनिटाला जीव नकोसा झाला म्हणजे आपल्याला जमणार नाही, असं मुळीच नाही. वेग बेताचा असेल तर पाचव्या-सहाव्या मिनिटाला श्वास बसतो.

हळू म्हणजे किती हळू? भरभर चालणारे आजोबा शेजारून पुढे निघून जातात इतकं. आणि ते गप्प जात नाहीत. “ताई, एवढ्या हळू पळून काय उपयोग?” “गुडघे जातील हो!” पुण्यात सकाळी टेकडीवर सल्ल्याला तोटा नाही. मला हे फार लागायचं. उत्तर देत बसू नका, पाढा चालू ठेवा.

जागेचंही सांगते. तळजाईचा चढ पळत चढू नका. तो चालत चढायचा, तोच वॉर्म-अप. वर पठारावर बरीच सपाटी आहे, पळणं तिथे सुरू करायचं. उतरतानाही चालतच, कारण उतारावर गुडघ्यांवर जास्त भार येतो. मैदानातल्या फेऱ्या मी सोडल्या. फेऱ्या मोजताना २० मिनिटं फार लांबतात.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी फोन कमरेच्या पिशवीत होता. ॲपने ‘झालं’ म्हटलं तेव्हा माझा एकवीसचा पाढा चालू होता. अंतर घरी येऊन पाहिलं, जेमतेम सव्वादोन किलोमीटर. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो आकडा मी सगळ्यांना सांगितला.

हे आधीच सांगायला हवं होतं: पाचवा आठवडा पुन्हा करायला काहीच हरकत नाही. पोटात बरगडीखाली कळ आली तर वेग आणखी कमी करा आणि श्वास लांब सोडा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सहाच्या आत बाहेर पडा, आठ वाजता तेच अंतर दुप्पट वाटतं. निघण्याआधी पोहे नकोत, अर्धं केळं पुरे. आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं तर जिद्द नको, तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

सहाव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी तक्ता परत ५, ८, ५ मिनिटांवर येतो, मध्ये ३-३ मिनिटं चालणं. २० मिनिटं पळून आल्यावर ते मागे गेल्यासारखं वाटतं आणि गाळावंसं वाटतं. गाळू नका. मला तो दिवस पाचव्या आठवड्याच्या खालोखाल अवघड गेला, आणि तिथेही वेग तोच ठेवला, पाढा म्हणता येईल इतकाच.