हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या सेवा केंद्रात पेन्शनरांची रीघ लागते. सातारा जिल्हा, त्यामुळं रांगेत फौजी जास्त. त्या दिवशी एक आबा आजींना बरोबर घेऊन आले. वय ऐंशीच्या घरात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतले.

अंगठा काही केल्या मॅच होईना. कुदळ-खोऱ्यानं रेषाच झिजलेल्या. शेवटी मोबाइलवर चेहरा घ्यायचं ठरलं. ॲपला पापणी लवलेली दिसावी लागते, आणि आबा कॅमेऱ्याकडं टक लावून ताठ उभे. "आबा, डोळे मिटा-उघडा." "फोटोत डोळं मिटायचं नसत्यात," म्हणाले. आजी खेकसल्या तेव्हा कुठं पापणी हलली.

दाखला निघाला तरी आबा उठेनात. पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं आणि म्हणाले, "आता खरं काम. हिचं नाव दुरुस्त करायचंय."

बुक चिकटपट्टीवर तगलेलं. भरती १९६४, पंधरा वर्षं नोकरी, १९७९ ला नायक म्हणून पेन्शन. पदकांत 'पूर्वी स्टार', म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या पूर्व आघाडीचं. म्हटलं, बांगलादेश? "जमालपूर." डिसेंबर १९७१ मध्ये या पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला होता. १० तारखेच्या रात्री तिथली पाकिस्तानची बलुच पलटण तो फोडून निसटायला निघाली आणि मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. मी वाचलेलं सगळं बोलून दाखवलं. आबा एवढंच म्हणाले, "रातभर चालू होतं." पुढं मुंबईत गिरणीवर वॉचमन झाले आणि १९८२ च्या संपात गावी परतले, त्यावर मात्र भरभरून बोलले. "लढाईत पगार तरी चालू व्हता!"

नावाची गोष्ट अशी, की लग्नाची सुट्टी संपवून पलटणीत गेल्यावर त्यांनी पत्रिकेतलं, म्हणजे आजींचं माहेरचं नाव सांगितलं. तेच पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेच्या नोंदीत चढलं. आधार, रेशनकार्ड सासरच्या नावानं. आबा आहेत तोवर काही अडत नाही. त्यांच्या माघारी आजींनी फॅमिली पेन्शन मागितली, की ही बाई कोण, इथून सुरुवात. बहुतेक घरांत हा घोळ तेराव्यानंतर कळतो, आणि मग म्हातारीला घेऊन पोरं ऑफिसांचे उंबरे झिजवतात. स्वतःहून आधीच येणारा माणूस विरळाच.

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. सोबत आधार, बुकाच्या झेरॉक्स, फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावानं अर्ज. पुढं सैनिक कल्याण कार्यालयात कोणता कागद दाखवायचा, तेही लिहून दिलं. आजी सगळं ऐकत होत्या.

"आन् मीच आधी गेले तर?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "मग ह्ये पैसं परत मिळत्याल का ओ?"