टेबल सरळ, घर वाकडं

मंडळी, पीळ सापडला. मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आपल्या लेझर कटरचा बेड, म्हणजे कापायची शीट ठेवायचं टेबल, आता काचेसारखा सपाट झालाय. ते वाक्य मागे घेतो.

मखराची जाळी कापायला घेतली होती. ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली पाटी), ३८.१ मिमी फोकसची लेन्स, स्पीड-पॉवर नेहमीचीच. पुढच्या डाव्या कोपऱ्यातले तुकडे टपाटप खाली पडले आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातली जाळी जिथल्या तिथे. शीट उलटून पाहिली तर मधूनमधून नुसते तपकिरी डाग. ५०.८ची लांब फोकसची लेन्स लावून मोकळा हो, असं तुमच्यातले निम्मे म्हणणार. पण जाळीच्या आतल्या कोपऱ्यांना ३८.१ जी बारीक रेघ देते ती मला सोडवत नाही. तिची फोकसची खोली कमी, म्हणजे उंची जराशी चुकली की किरण पसरतो, हे ठाऊक असूनच घेतली. किरण आरशांवरून नीट येतो का असा संशय होता म्हणून हेडच्या तोंडावर टेप लावून चारही कोपऱ्यांत ठिपके पाडले, ते एकावर एक आले. म्हणजे घोळ उंचीचाच.

हेडला डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारं घड्याळ) बांधला. बेडवरच्या हनीकोंबवर (पोळ्यासारख्या भोकांची जाळी) त्याचं टोक प्रत्येक भोकात अडकतं, म्हणून वर ८ मिमीची फ्लोट काच टाकली (६०० बाय ४००, जवळपास पाच किलो, ठेवताना बोटं सांभाळा). पुढचा डावा कोपरा शून्य धरला. पुढचा उजवा ०.८५ मिमी, मागचा डावा ०.३०, मागचा उजवा २.०५. काच १८० अंशांत फिरवून पुन्हा मोजलं, आकडे तेच. म्हणजे काच एका बाजूला जाड नाही.

यानंतरच्या दोन संध्याकाळी मी जे केलं ते करू नका. आमचा बेड वर-खाली करणारे चारही स्क्रू एका बेल्टवर आहेत. लीड (एका फेऱ्यात होणारी चढ) २ मिमी, पुलीला २० दात, म्हणजे बेल्ट एक दात सरकवला की कोपरा ०.१ मिमी हलतो. हिशोब सुंदर. मागचा उजवा सोडवून वीस दात फिरवले, तर बेडची चौकट आखडली, स्क्रू जाम झाला आणि मोटर नुसती गुरगुरायला लागली. परत आणला. मग थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून शिम, म्हणजे पातळ पाचरी, घातल्या. एक कोपरा बसवला की समोरचा उठे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

आणि पिळाचंच उत्तर त्या चार आकड्यांत पहिल्या दिवसापासून बसलं होतं! पृष्ठभाग नुसता कललेला असेल तर कर्णावरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा सारख्या येतात. माझ्या एका कर्णाची बेरीज २.०५, दुसऱ्याची १.१५. फरक ०.९०. हा कल नाही, हा पीळ. एवढी जाड काच सहजी पिळत नाही, म्हणजे गॅन्ट्रीचे (हेड वाहणाऱ्या आडव्या दांड्याचे) रूळ एका पातळीत नाहीत. कल स्क्रूंनी जातो. पीळ स्क्रूंनी कसा जाणार?

हे कागदावर मांडून बसलो होतो, तेवढ्यात इथल्या वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) लेथवाले काका बुश द्यायला आले. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही, वाकून पायाखाली पाहिलं. खिशातली पावती मागच्या उजव्या पायाखालून आरपार काढली आणि म्हणाले, “टेबल सीधुं छे, घर वांकुं छे.”

विश्वामित्रीच्या २०२४च्या पुराची धास्ती घेऊन मशीन तळमजल्यावरून माडीवर नेलं, हे तुम्हाला आठवत असेल. दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, माडीची जमीन फळ्यांची. तो पाय बरोबर दोन तुळयांच्या मधे येतो आणि फळी दबते. तीन पायांवर उभं राहून मशीनचा पत्र्याचा सांगाडा स्वतःच्या वजनाने पिळला गेला होता. आणि मी स्पिरिट लेव्हलला नावं ठेवत होतो! तिला नावं ठेवली ती बरोबरच होती म्हणा, मशीन पाणसळीत नसलं तरी चालतं. चारही पाय टेकलेले मात्र हवेत.

पायाचा बोल्ट एम१२, एका फेऱ्याला पावणेदोन मिमी. सव्वा फेरा उतरवला, पुन्हा मोजलं. कर्णांतला फरक ०.९० वरून ०.१५. उरलेला कल दात सरकवून पाच मिनिटांत गेला. त्याच जाळीचा तुकडा मागच्या उजव्या कोपऱ्यात लावला. शेवटची रेघ संपता संपता तो खाली पडला, तो टप्प आवाज मी तीनदा ऐकला. एमडीएफ तेवढा वाया गेला, जाऊ दे.

हनीकोंबबद्दल थोडं. ऑनलाइन मागवलेला आला तोच मधोमध दीड मिमी पोट घेऊन. शिवाय अॅल्युमिनियमचा, म्हणजे पावसाळ्यात पापडासारखा फुगलेला प्लाय दाबायला लोहचुंबक लावायचीही सोय नाही. विक्रेता म्हणतो, “सर, इतना चलता है.” पुढच्या वेळी पट्ट्यांचा बेड, स्वतः बनवणार.

बेडला चारऐवजी तीन स्क्रू करायचे, तिवई कधी डुगडुगत नाही, असं लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता वाटतंय, बेडला कशाला, मशीनलाच तीन पाय द्यावेत. पुढे दोन, मागे मधोमध एक, म्हणजे आत्तासारखा एकच कोपरा लोंबकळायला नको. मग खालची फळी कितीही दबो, सांगाडा पिळणार नाही. मागच्या कोपऱ्यांवर कुणी रेललं तर कलंडायची भीती, म्हणून तिथे जमिनीपासून मिलिमीटरभर वर दोन टेकू. कुणी करून पाहिलंय का?

पण ते गणपतीनंतर. कारण सांगाडा सरळ झाल्यावर टेपचे ठिपके पुन्हा तपासले. किरण वळवणारे आरसे मी पिळलेल्या सांगाड्यावर जुळवले होते, तेव्हा जे व्हायचं तेच झालं. मागच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका अर्धा मिमी वर गेलाय. आज रात्री दुसरा आरसा सोडवतो. आणि बाबांनी मखराची उंची चार बोटं वाढवायला सांगितली आहे.