तुम्ही विचारलंत म्हणून: आधी वैरण, मग तत्त्वं

नव्याने मॅनेजर झालेली मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, तुमचे म्हणे काही नियम ठरलेले असायचे. ते आणलेत कुठून? आणि आम्ही आमचे कसे ठरवायचे?" भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत आधी खरेदी आणि मग अख्खा प्लँट सांभाळण्यात माझी नोकरी गेली. तिथल्याच कुणीतरी हे पसरवलेलं असतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कुठून आणले नाहीत, ते आधी. रिसेप्शनमध्ये फ्रेम करून टांगलेल्या 'आमची मूल्ये'मधून नाहीत. वर्षातून एकदा करावा लागतो त्या आचारसंहितेच्या ऑनलाइन कोर्समधूनही नाहीत. तो सगळे डबा खाताखाता 'पुढे, पुढे' दाबत संपवतात. रामशास्त्री प्रभुण्यांकडूनही नाहीत. पुण्यात नीतीचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला रामशास्त्री येतातच. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि त्याबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, माणूस मोठाच. पण आपल्यापुढे खुनाचे खटले येत नाहीत. 31 मार्चची, म्हणजे वर्षअखेरीच्या विक्रीचे आकडे भरायची शेवटची संध्याकाळ असते, माल भरलेली गाडी अजून गेटच्या आत असते, आणि बिल आजच्या तारखेचं फाडायचं का, एवढाच प्रश्न असतो. एवढ्याशा गोष्टीसाठी रामशास्त्री व्हायची कुणालाच गरज वाटत नाही.

मला उपयोग झाला तो शिवाजी महाराजांच्या एका पत्राचा. भाजीच्या देठाची ओळ नाही म्हणत मी, ती 19 फेब्रुवारीला सगळेच म्हणतात. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, म्हणजे तुकड्यांच्या अधिकाऱ्यांना, लिहिलेलं पत्र म्हणते आहे. मराठीत मॅनेजरने मॅनेजरांना लिहिलेलं याहून चांगलं पत्र मला माहीत नाही. त्यात 'प्रामाणिक राहा' असा उपदेश नाही. त्यात हिशेब आहे. दाणा आणि वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरतील; कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा. म्हणून बेताने, रोजच्या मापाने घ्या. पुढे तर ते दिव्यापर्यंत येतात. रात्री घरात दिवा तसाच राहिला तर उंदीर वात ओढून नेईल, आग लागेल, गवताच्या गंज्या जळतील. आणि एकदा जळाल्यावर कुणाच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद दिली, तरी घर उभारायला एक लाकूड मिळायचं नाही.

मी त्यातून घेतलं ते इतकंच: रयतेला लुबाडायची वेळ पावसाळ्यात येते, पण तिचा बंदोबस्त उन्हाळ्यात करायचा असतो, आणि तो साहेबाने करायचा असतो.

याचा कारखान्यातला अर्थ सांगते. एका ठिकाणी मी रुजू झाले तेव्हा इन्स्पेक्शनचे रिपोर्ट फार सुंदर असायचे. बोअरची, म्हणजे पार्टमधल्या भोकाची, सगळी मापं टॉलरन्सच्या (चालेल इतक्या फरकाच्या) बरोबर मधोमध, तासामागून तास एकसारखी. मशिनिंग ज्याने केलंय त्याला कळेल की खऱ्या मापांना इतकी शिस्त नसते. टूल झिजतं, मशिन तापतं, माप थोडं तरी सरकतंच. म्हणजे मुलं खुर्चीत बसून आकडे भरत होती. आधीच्या साहेबांनी यावर मीटिंग घेतली होती, सचोटीवर भाषण केलं होतं, एकाला मेमोही दिला होता. मी लाइनवर जाऊन उभी राहिले. लाइन दोन, बोअर मोजायचं गेज एक, आणि दर तासाला दोन्हीकडचे पाच-पाच तुकडे मोजायचे असा फतवा. वर गेज आणायला दुसऱ्या लाइनवर गेलं की तिकडचा ऑपरेटर खेकसणार. खोटं बोलणं ही त्या मुलांच्या कामाचीच अट होऊन बसली होती.

दुसरं गेज घेतलं. किती तुकडे खरोखर मोजून होतात ते बघून तेवढेच मोजायचे असं लिहून दिलं. आणि सांगितलं की मोजायला जमलं नाही तर तिथे 'मोजलं नाही' असं लिहायचं, त्यावर ओरडा बसणार नाही. मात्र यापुढे खोटं माप सापडलं तर कुठलीही सबब ऐकणार नाही. सुरुवातीला चार्टमध्ये मोकळी घरं दिसायला लागली. ग्राहकाचा ऑडिटर आला तेव्हा त्याला उत्तरं देताना माझा घाम निघाला. त्या मोकळ्या घरांभोवती त्याने पेन्सिलीने केलेले गोल अजून आठवतात. पण ते माझं काम होतं, त्या मुलांचं नव्हतं.

तर पहिला नियम तिथून आला: पाळता येणार नाही असं टार्गेट द्यायचं नाही. दुसरा त्याच्याच मागोमाग. पद्धत मोडून माल पास करायचा असेल, कधी कधी करावा लागतो, तर डेव्हिएशनवर, म्हणजे तशी सूट देणाऱ्या कागदावर, सही माझी. सुपरवायझरला तोंडी 'बघ जरा' म्हणायचं आणि उद्या अंगाशी आलं की हात वर करायचे, हे मी पुष्कळ मोठ्या हुद्द्यांवर पाहिलंय.

दिवाळीच्या भेटींचं सोपं आहे, लोक उगाच त्यावर तासभर बोलतात. मिठाई आली तर टेबलावर उघडायची, अख्ख्या डिपार्टमेंटने खायची. पाकीट आलं तर त्याच दिवशी परत. झालं.

पैसे वेळेवर देण्यावर मात्र कुणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर खरेदीतली खरी अनीती तिथे आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, चक्रवाढीने व्याज. आयकरातही 1 एप्रिल 2024 पासून अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कायदा चांगलाच आहे. पण तळवड्यात दोन लेथवर काम करणारा माणूस मोठ्या कंपनीकडे व्याज मागणार आहे का? पुढची ऑर्डर जाईल ना! शिवाय पळवाटा असतातच. माल गेटवर येऊन पडतो, इन्स्पेक्शन मुद्दाम रेंगाळतं, आणि 'माल अजून स्वीकारलाच नाही' असं सांगून दिवस मोजणं सुरूच होत नाही. कायदा म्हणतो, 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर माल पोचला तोच दिवस धरायचा. मी गेटवर माल आल्याच्या शिक्क्याची तारीख धरायची. आमच्या अकाउंट्सवाल्यांना ते आवडायचं नाही. त्यांचंही काही चूक नव्हतं, रोकड त्यांना सांभाळायची होती. पण आपली रोकड त्या लेथवाल्याच्या घरखर्चातून सांभाळायची नाही, यावर मी अडून बसले, आणि बजेटच्या वेळीच ती तरतूद करून घ्यायला लागले. पुन्हा तेच, वैरण आधी.

नात्यातल्यांचं विचारतात. दादाचा मुलगा पॅकेजिंगचा धंदा करतो. "आत्या, माझं कोटेशन सगळ्यांत कमी असेल, मग काय हरकत आहे?" त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. मी म्हटलं, "अरे, तू दे की. फक्त त्या दिवशी मी त्या खोलीत नसेन, आणि तू माझा भाचा आहेस हे मी आधी लेखी कळवणार." त्याने दिलंच नाही. वहिनी मला चैत्राच्या हळदीकुंकवाला अजून बोलावतात, पण डाळ-पन्हं झाल्यावर पूर्वीसारखं 'थांबा हो वन्सं' म्हणत नाहीत. चालायचंच.

यानंतर दुसरा प्रश्न येतो, आवाज जरा खाली आणून. "पण वरचा साहेबच सांगत असेल तर?" पहिलं म्हणजे, नम्रपणे मेल मागायचा. "सर, एवढं एका ओळीत पाठवता का, म्हणजे टीमला सांगायला बरं." बरीच प्रकरणं तो मेल कधीच न आल्यामुळे संपतात. आलाच, तर नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणायला बँकेत सहा-आठ महिन्यांचा घरखर्च लागतो. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, त्यांना धैर्यावर काहीतरी हवं असतं. पण वाकडच्या दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला की वरच्या साहेबाचं सगळंच पटायला लागतं, हे मी हुशार, सज्जन माणसांच्या बाबतीत पाहिलंय. हप्ता ठरवताना तुम्ही तुमची वैरण ठरवत असता.

इथे बरेच जण गप्प होतात, आणि मग विषय गृहकर्जाच्या व्याजदरावर जातो. त्यातलं मला फारसं कळत नाही. ते बँकेत विचारा.