पेने, नंदुरबारची मिरची आणि तापलेली वाइन

जळगावच्या एका हॉटेलात मी कॅप्टन आहे. मे महिन्यातली गोष्ट, बाहेर ४४ अंश. सराफ बाजारातल्या एका कुटुंबात लग्नाचा २५वा वाढदिवस होता. बारा माणसं, सगळी शाकाहारी, त्यातली चार जैन. म्हणून सगळ्यांनाच कांदा-लसूण वर्ज्य. पुण्याहून आलेल्या मुलीने मेनू ठरवला होता : पेने अराबियाता, म्हणजे तिखट टोमॅटो सॉसमधला नळीसारखा पास्ता, आणि रेड वाइन. पास्ता म्हटलं की रेड, हे तिनं धरून चाललं आणि मीही. शेल्फवरची सगळ्यात महाग रेड, कॅबरने सोव्हिन्यों, उघडली.

दहा मिनिटांत तिनं हात केला. "दादा, बाटली खराब आहे. लोखंड चाटल्यासारखं लागतंय."

दुसरी उघडली. तेच. आता दोन बाटल्या एकदम कशा बिघडतील? ग्लास घेऊन किचनमध्ये गेलो. नुसती वाइन ठीक होती, जरा कोमट. मग चमचाभर सॉस खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला. जीभ आवळली, घसा पेटला, मागे कडवट लोखंडी चव उरली.

"काय व्हयनं भाऊ?" आमचा अंमळनेरकडचा कुक. त्यालाही तसंच चाखायला लावलं. तोंड वाकडं करून म्हणाला, "जांभळं खाऊन वर चिंच चोखल्यासारखं."

बरोबर पकडलं त्यानं. कॅबरनेत द्राक्षाच्या सालीचा न् बियांचा तुरटपणा भरपूर. टोमॅटोच्या आंबटानं तो आणखी बोचतो. त्यात कांदा नाही, म्हणजे सॉसला गोडवा नाही. मिरची कुकसाहेबांनी नंदुरबारची घातलेली, आणि तिखटावर अल्कोहोल जास्तच जाळतं. शिवाय रेड 'रूम टेंपरेचरला' द्यायची म्हणतात, ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. आमचं शेल्फ तंदूरच्या भिंतीला लागून!

कुकने सॉसमध्ये लोणी आणि थोडी क्रीम घातली. अराबियाता राहिली नाही, पण तिखट खाली बसलं. मी फ्रीजमधली नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन काढली. आंबटपणात ती टोमॅटोला पुरून उरते, आणि आमच्याकडची किंचित गोडसर होती, ती मिरचीला बरी. ज्यांना रेडच हवी, त्यांच्यासाठी अकलूजच्या सांजोवेजेची एकच बाटली होती. द्राक्ष इटलीतल्या टस्कनीत पिकणारं, टोमॅटोच्या मुलखातलं, आंबटपणा चांगला. अर्धा तास बर्फात ठेवली आणि मग ओतली.

मुलीनं सांजोवेजेचा घोट घेतला, वर पेनेचा घास, पुन्हा घोट. काही बोलली नाही, ग्लास पुढे केला. तिचे काका मात्र शेवटपर्यंत ताकावरच. म्हणाले, "शेवभाजीच्या रश्श्यात शेवेऐवजी नळ्या टाकल्यात, दुसरं काय!"

कॅबरनेच्या दोन बाटल्या मी बिलात लावल्या नाहीत. मॅनेजरने त्या माझ्या नावावर टाकल्या.