सोलो ते जोगजा: केरिस बघायला निघालेल्यांसाठी

केरिस, म्हणजे जावाची पारंपरिक कट्यार, बघायला इंडोनेशियातल्या जावा बेटावर आलेले बरेच जण पहिल्याच दुपारी बाजारात शिरतात, एखादं नागमोडी पातं हातात घेतात आणि विक्रेता सांगेल ते खरं मानून बाहेर पडतात. हा क्रम उलटा लावा. आधी दगडात कोरलेली भट्टी, मग संग्रहालय, मग खरी भट्टी, मग म्यानं करणारं गाव, आणि बाजार अगदी शेवटी. पाच दिवसांत सगळं बसतं: तीन मुक्काम सोलोत, दोन जोगजात. सोलो म्हणजे सुराकार्ता आणि जोगजा म्हणजे योग्यकार्ता. स्टेशनवर आणि रिक्षात ही छोटी नावंच चालतात.

भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, फी ५ लाख रुपिया. ऑनलाइन आधीच काढला तर एक रांग वाचते. जाकार्ताहून जोगजाच्या नव्या विमानतळावर उतरलात तर टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. शहर तिथून ४० किलोमीटरच्या पुढे आहे आणि विमानतळाची रेल्वे साधारण ४० मिनिटांत तुगू स्टेशनला सोडते. तिथून सोलोला लोकल जाते, तिकीट ८ हजार रुपिया, वेळ तासाभराहून थोडा जास्त. शनिवार-रविवारी ही लोकल आपल्या संध्याकाळच्या गाडीसारखी भरते, म्हणून सामान घेऊन जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी निघा. संग्रहालयाजवळ राहणार असाल तर सोलोच्या मुख्य बालापान स्टेशनच्या आधी पुर्वोसारी स्टेशनला उतरा.

पहिला दिवस सुकुह मंदिराला द्या. लावू डोंगराच्या पश्चिम उतारावर हे मंदिर आहे, सोलोहून गाडीने सव्वा ते दीड तास. शेवटचा चढ इतका उभा आहे की भाड्याच्या स्कूटरवर दोघांनी जाऊ नये. उतरताना ब्रेक तापतात. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर ढग खाली येतात आणि कोरीव काम सपाट दिसायला लागतं. दारावरची कालगणना शके १३५९ ची, म्हणजे इ. स. १४३७. शक आपल्या ओळखीचा असल्याने मराठी माणसाला हा आकडा लगेच उलगडतो.

इथे बघायचं ते एकच शिल्प, पण त्याला अर्धा तास द्या. डावीकडे भीम लोहार झालाय. हातात पातं धरलंय, चिमटा नाही, आणि मागे तयार झालेली हत्यारं-अवजारं मांडलेली आहेत. उजवीकडे अर्जुन भाता चालवतोय. हा आपल्याकडचा कातड्याचा भाता नव्हे. दोन उभ्या नळ्या आणि त्यांत वरखाली होणारे दट्टे, एक वर तेव्हा दुसरा खाली, त्यामुळे वारा तुटत नाही. आणि या दोघांच्या मधे गणपती, एक पाय उचलून नाचणारा. लोहारकामाच्या मधोमध गणपती आपल्याकडे कुठे सापडत नाही. लोखंड वितळवणं आणि सांधणं हे तिथे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याचं काम मानलं जाई. केरिसला जीव असतो असं जावात का म्हणतात, याचं उत्तर कुठल्याही पाटीपेक्षा या दगडात जास्त स्पष्ट मिळतं. मंदिरात शिरताना कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र बांधायला देतात. ते निघेपर्यंत सोडू नका.

दुसरा दिवस संग्रहालयाचा. सोलोच्या श्रीवेदारी भागातलं म्युझियम केरिस नुसांतारा ऑगस्ट २०१७ मध्ये उघडलं. चार मजले आहेत, सोमवारी बंद. शेजारीच १८९० साली स्थापन झालेलं राद्या पुस्ताका आहे, वेळ उरला तर तेही करा. पाट्या बहुतेक इंडोनेशियन भाषेत आहेत, त्यामुळे आठ-दहा शब्द आधी घोकून गेलात तर फायदा होतो.

पातं म्हणजे विलाह. त्याच्या बुडाशी आडवी बसवलेली पट्टी म्हणजे गांजा. आपल्याला हसू येईल, पण उच्चार तोच आहे. पात्याची शेपटी, म्हणजे पेसी, या पट्टीतल्या भोकातून खाली मुठीत जाते. गांजाकडे खालून पाहिलं की पाल दिसते: पुढे डोकं, मग मान, मग फुगीर पोट, मग निमुळती शेपूट. कारागीरही त्या भागांना पालीचं डोकं आणि पालीची शेपूटच म्हणतात. पात्याच्या पुढच्या अंगाला जो जाड उंचवटा असतो तो गांडिक. काही पात्यांत त्याच्यावर हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली कडी असते. केरिसचं बूड दोन्ही बाजूंना सारखं कधीच नसतं, म्हणून आधी गांडिक कुठल्या बाजूला आहे ते ठरवा आणि मगच बाकीचं बघा.

वळशांना लुक म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम असते: ३, ५, ७, ९, ११, १३. सरळ पात्याचे केरिसही भरपूर आहेत आणि ते कमी प्रतीचे नसतात. मोजायला गांडिकच्या बाजूने सुरुवात करा आणि दोन्ही कडांवरचे वळसे आळीपाळीने मोजत टोकापर्यंत जा. सम आकडा आला तर मोजणी चुकली. बहुतेक वेळा टोकाजवळचा हलका वळसा सुटलेला असतो, तिथे नजर परत न्या. आकाराच्या प्रकाराला धापुर म्हणतात आणि त्यांची नावं वाचताना आपण दचकतो: सरळ पात्याचा पासोपाती म्हणजे पाशुपत, पाच वळशांचा पांडावा, नागाच्या देहाचा नागासास्रा म्हणजे नागसहस्र. केरिसला जावानीज भाषेत चुरिगा असंही म्हणतात; संस्कृत छुरिका तीच.

पात्यावरची पांढुरकी नक्षी म्हणजे पामोर. वोस वुताह, म्हणजे सांडलेले तांदूळ, हा प्रकार आधी ओळखायला शिका, कारण तो सगळ्यात जास्त दिसतो. काळ्या लोखंडावर चंदेरी ठिपके आणि वेडीवाकडी वर्तुळं, एकासारखं दुसरं नाही, पाटावरून कण्या उधळाव्यात तशी. काचेवरचा उजेड डोळ्यांत येत असेल तर खाली बसून तिरक्या नजरेने पाहा. पामोर किंचित वर आलेला दिसतो. फोटोसाठी लेन्सभोवती काळं कापड धरा, फ्लॅश नको.

तिसऱ्या दिवशी भट्टी, म्हणजे बेसालेन. सोलो-जोगजाच्या आसपास आजही पाती घडवणारे एंपू आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात हे काम जवळजवळ थांबलं होतं. जोगजाजवळच्या एंपू जेनो हारुंब्रोजो यांच्या घराण्याने १९७० च्या दशकात भट्टी पुन्हा पेटवली, आणि आता सोलोच्या कला संस्थेत केरिसचा पदवी अभ्यासक्रमही चालतो. भट्टी रोज पेटत नाही. मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाकडून दोन-तीन दिवस आधी फोन करून घ्या, घडाई बघायची आहे की नुसती कानस हे स्पष्ट विचारा आणि देणगी पाकिटात घालून द्या. सुती कपडे घाला; ठिणगी नायलॉनला लागली की कापड कातडीला चिकटतं. ऐरण किंवा जमिनीवर ठेवलेलं पातं ओलांडायचं नाही.

काम असं चालतं. लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये निकेलचा पत्रा ठेवतात, सागाच्या कोळशावर जवळजवळ पांढरं होईपर्यंत तापवतात आणि दोन घणवाले ठोकून एकजीव करतात. मग लांबवून दुमडतात, परत सांधतात. सहा घड्यांत थरांची संख्या ६४ पट होते, सात घड्यांत १२८ पट. आग कमी पडली किंवा मध्ये खवला, म्हणजे तापल्या लोखंडावर धरणारी पापडी, राहिला तर सांधा बसत नाही आणि पुढे कानस मारताना बारीक काळी चीर उघडते. तिथे सगळी मेहनत गेली. आग जास्त झाली तर पांढऱ्या ठिणग्या फुलतात, म्हणजे लोखंड जळतंय. म्हणून एंपू धातूकडे कमी आणि ज्वाळेच्या रंगाकडे जास्त बघतो. नक्षीचा गठ्ठा तयार झाला की त्याचे दोन भाग करून मध्ये पोलादाची पट्टी घालतात. धार या पोलादाची. गांजासाठी तुकडा याच गठ्ठ्यातून आधीच कापून ठेवतात, म्हणून अस्सल जोडीत दोघांचा रंग आणि नक्षी जुळते. वळसे तापवून एकेक करून काढतात, मग कानस, शेवटी पाणी देतात. सुरुवातीच्या लोखंडाचा फार थोडा भाग पात्यात उरतो, बाकी सगळं खवल्याच्या रूपात ऐरणीभोवती पडतं.

नक्षी मात्र भट्टीतून दिसत बाहेर पडत नाही. ती वारांगान लावल्यावर उमटते. वारांगान म्हणजे सोमलयुक्त खनिज, आपल्या मनशीळ-हरताळाच्या जातीचं. ते कुटून लिंबाच्या रसात मुरवतात. त्याआधी पातं नारळाच्या पाण्यात भिजवून, लिंबाने आणि लेराकने घासून चांदीसारखं पांढरं करतात. लेराक म्हणजे आपल्या रिठ्याचा सख्खा भाऊ, फेस आणि वास दोन्ही ओळखीचे. पात्यावर तेलाचा अंश राहिला तर डाग पडतात. पातं पुरतं वाळलं नसेल तर काळेपणा फिका येतो. लोखंड काळं होतं, निकेल चमकत राहतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. हे विष आहे. बघायला बसाल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. घरी हा प्रयोग करू नका.

पात्याचं हे स्नान सुरो महिन्यात होतं, म्हणजे मोहरमच्या महिन्यात. १ सुरोच्या रात्री सोलोच्या राजवाड्यातून वंशपरंपरागत शस्त्रं निघतात आणि पुढे पांढऱ्या म्हशी चालतात. तारीख दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. त्या आठवड्यात खोल्या महिनाभर आधी घ्या. बालीत हाच मान तुंपेक लांडेप या सणाला असतो, दर २१० दिवसांनी. त्या दिवशी केरिससोबत मोटारी आणि स्कूटरही पूजतात, थेट आपल्या खंडेनवमी-दसऱ्यासारख्या.

चौथ्या दिवशी जोगजाच्या दक्षिणेला इमोगिरी. माताराम या जावातल्या जुन्या राज्याच्या राजांच्या समाध्या डोंगरावर आहेत आणि पायऱ्या शेकड्यांनी, उन्हाआधी चढा. पायथ्याजवळचं बान्यूसुमुरुप हे गाव म्यानं, त्यावरची धातूची आवरणं आणि मुठीखालची कडी करणारं. म्यानाचे दोन आकार लक्षात ठेवा: नावेसारखा पसरलेला लाद्रांग दरबारी पोशाखाचा, गोलसर गायामान रोजचा. जोगजात पहिल्याला ब्रांगाह म्हणतात आणि तिथली कामं सोलोपेक्षा साधी, आटोपशीर असतात. आम्हाला जोगजाची जास्त आवडतात. तिमोहो लाकडावरचे तपकिरी डाग नैसर्गिक असतील तर किंमत चढते; रंगवलेले डाग कापलेल्या कडेला आत उतरलेले दिसत नाहीत. म्यानाचं तोंड बघा, डाग तिथपर्यंत गेला पाहिजे.

आता पाचवा दिवस, बाजाराचा. त्यासाठी लोकलने परत सोलोला या. सोलोत मंकुनगारान राजवाड्याजवळचा त्रिविंदू बाजार चांगला. इथे किंमत विचारताना ‘हार्गा’ म्हणू नका, ‘माहार’ म्हणा. केरिस विकत नाहीत, मेहेर घेऊन दुसऱ्या घरी देतात. बघायला मिळाला की डाव्या हातात म्यान, उजव्यात मूठ, कपाळापर्यंत उचला आणि अंगठ्याने हळू ढकलत सरळ रेषेत काढा. वळवलंत तर म्यान चिरतं. पात्याला बोट लावू नका, त्याच्यावर तोंड आणून बोलू नका, आणि परत देताना म्यानात घालून मूठ समोरच्याकडे करा. मूठ फक्त पेसीभोवती गुंडाळलेल्या चिंधीच्या घट्टपणावर बसलेली असते, तेव्हा ती स्वतः काढायला जाऊ नका.

फसवणूक दोन जागी होते. एक, नक्षी आम्लाने वरवर कोरलेली. मग ती दोन्ही अंगांना आरशासारखी तंतोतंत जुळते आणि धारेच्या कडेला पोहोचण्याआधी मरते. दुसरं, नवं पातं आम्लात बुडवून जुनं केलेलं. खड्डे सगळीकडे सारख्या खोलीचे दिसतील, गांजाच्या सांध्याच्या आतही. खरं झिजलेलं पातं धारेला आणि टोकाला जास्त खाल्लेलं असतं. ‘माजापाहित काळातलं’, म्हणजे जावाच्या जुन्या साम्राज्याच्या काळातलं, असं कोणी पहिल्याच वाक्यात म्हटलं तर पुढच्या दुकानात जा.

आणि विकत घ्यायचं का? आमचं मत: पातं घेऊ नका. जावातलं पातं साधारण ३५ सेंटिमीटर असतं. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, आणि आयातीला परवाना लागतो; विमानतळावर ‘शोभेची वस्तू’ हे उत्तर चालत नाही. शिवाय इंडोनेशियाच्या २०१० च्या वारसा कायद्यामुळे ५० वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. बान्यूसुमुरुपची पितळी कडी, कुंतीच्या झाडाच्या लाकडाची मूठ किंवा रिकामं गायामान म्यान मात्र निर्धास्त आणा. हस्तिदंत आणि धनेशाची चोच कितीही जुनी सांगितली तरी नको.

परतीला जाकार्तात अर्धा दिवस हाताशी असेल तर राष्ट्रीय संग्रहालय गाठा. १८३० साली मागेलांगमध्ये डचांनी पकडलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोचा केरिस नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये परत केला, तो या संग्रहालयाकडे आहे. मांडणी बदलत राहते, त्यामुळे कुठल्या दालनात आहे ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. त्याचं नाव नागा सिलुमान. गांडिकच्या जागी नागाचं डोकं आहे आणि अंग पात्याबरोबर वर चढत जातं.